आकडा ज्याच्या हाती, पैसा त्याचा : गिफ्ट कार्डाचे परीक्षण

गेली आठ-नऊ वर्षे मी गिफ्ट कार्डे घेत आणि देत आलो आहे. भाचीचा वाढदिवस, सहकाऱ्याची निवृत्ती, दूर राहणाऱ्या मित्राच्या घरचे कार्य अशा निमित्तांनी दुकानातल्या स्टँडवरून उचललेली छापील कार्डे, ईमेलने येणारे कोड, एकाच कंपनीकडे चालणारी कार्डे आणि क्रेडिट कार्डासारखी दिसणारी, जवळजवळ कुठेही चालणारी कार्डे असे सगळे प्रकार वापरून झाले. त्यांतले एक कार्ड भाचीच्या हाती रिकामे निघाले, आणि त्यानंतर मी ही वस्तू नीट उलटीपालटी करून पाहू लागलो. त्यामुळे कोणत्या कंपनीचे कार्ड चांगले हा प्रश्न येथे घेतलेला नाही. गिफ्ट कार्ड नावाच्या वस्तूत मुळातली उणीव कोणती, तिच्यावर फसवणुकीचा धंदा कसा चालतो आणि ती ओळखून कार्ड घ्यायचे कसे, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

या वस्तूचे गुण आधी सांगितले पाहिजेत. रोख रक्कम हातावर ठेवताना जो संकोच वाटतो तो कार्ड देताना वाटत नाही, घेणाऱ्याला आपल्या आवडीचे घेता येते, आणि भेट न आवडल्याचे खोटे कौतुक कोणालाच करावे लागत नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या मध्यावर कागदी कुपनांची जागा प्लास्टिकच्या कार्डांनी घेतली, ती याच सोयीमुळे टिकली.

उणीवही या सोयीतच दडलेली आहे. गिफ्ट कार्डावर कोणाचे नाव नसते. कार्डाचा क्रमांक आणि रुपेरी पट्टीखालचा पिन एवढे दोन आकडे ज्याला ठाऊक, तो त्या रकमेचा मालक. चलनी नोट चोरायची तर ती निदान हातात यावी लागते. येथे आकडे नुसते वाचले, ऐकले किंवा त्यांचा फोटो मिळाला तरी काम होते. क्रेडिट कार्डाचा गैरवापर झाला तर बँकेकडे तक्रार नोंदवून व्यवहार परत फिरवण्याची एक ठरलेली वाट असते. गिफ्ट कार्डाच्या बाबतीत अशी वाट बहुतेक वेळा नसतेच, कारण खर्च करणारा खरा मालक होता की चोर, हे कंपनीच्या यंत्रणेने कधी विचारलेलेच नसते. ‘गिफ्ट कार्डाचा घोटाळा’ म्हणून जे जे कानावर येते ते सगळे या एका गोष्टीवर उभे आहे. चोर ते आकडे आपण कार्ड विकत घेण्याआधीच टिपून ठेवतो, नाहीतर आपल्याच तोंडून वदवून घेतो.

पहिला प्रकार माझ्या वाट्याला आला. कार्ड एका मोठ्या दुकानातून घेतले होते. पाकीट बंद होते, पावती मिळाली होती, गल्ल्यावर कार्ड अ‍ॅक्टिव्हेट झाल्याचा आवाजही मी ऐकला होता. चार दिवसांनी भाचीने नखाने पट्टी खरवडून कोड भरला तेव्हा पडद्यावर शिल्लक शून्य दिसली. तिने दोनदा, मग तिसऱ्यांदा भरून पाहिले, आणि शेवटी काहीशा ओशाळलेल्या आवाजात मला फोन केला, “मामा, मीच काहीतरी चुकीचे भरतेय का?” फसवले गेलेल्या माणसालाच चोरट्यासारखे वाटायला लावणारी ही वस्तू आहे, हे त्या दिवशी कळले.

झाले कसे ते समजायला स्टँडवरच्या कार्डाचे चलनवलन समजून घ्यावे लागते. स्टँडवर लटकणाऱ्या कार्डात पैसे नसतात. गल्ल्यावर पाकिटावरचा बारकोड वाचला जातो, दुकानाचे यंत्र कार्ड काढणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेला कळवते आणि त्यानंतरच त्या क्रमांकावर रक्कम चढते. म्हणूनच दुकाने ही कार्डे कुलपात न ठेवता उघड्यावर टांगतात, कारण कोरे कार्ड चोरून काही मिळत नाही, अशी त्यांची समजूत असते. चोरांनी नेमकी हीच समजूत हेरली. ते स्टँडवरची कार्डे गठ्ठ्याने उचलून नेतात, पाकिटे काळजीपूर्वक उघडतात, क्रमांक टिपतात, रुपेरी पट्टी खरवडून पिन पाहतात, त्यावर तशीच नवी पट्टी चिकटवतात, पाकीट पुन्हा बंद करतात आणि कार्डे मुकाट्याने स्टँडवर आणून लावतात. मग संगणकावरचा एखादा प्रोग्रॅम त्या क्रमांकांची शिल्लक पुन्हा पुन्हा तपासत राहतो. आपण गल्ल्यावर पैसे भरले की तिकडे शिल्लक दिसते आणि भेट मिळणाऱ्याने पाकीट उघडण्यापूर्वीच ती खर्च झालेली असते. इंग्रजीत याला कार्ड उपसणे अशा अर्थाचा शब्द आहे आणि तो चपखल आहे, कारण विहीर वरून जशीच्या तशी दिसते, पाणी मात्र गेलेले असते. हे काम भुरट्यांपुरते राहिलेले नाही. अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी विभागाच्या तपास शाखेने २०२३ च्या अखेरीस ‘प्रोजेक्ट रेड हुक’ नावाची मोहीम सुरू केली, ती चीनशी संबंधित संघटित टोळ्या हा धंदा चालवत असल्याचे आढळल्यामुळेच.

याचा एक भाऊबंद असलेला प्रकार आहे, तो बारकोडाचा. पाकिटावरच्या छापील बारकोडावर चोर दुसऱ्याच कार्डाच्या बारकोडाचे स्टिकर लावतो. गल्ल्यावरचे यंत्र स्टिकर वाचते, आपले पैसे चोराच्या खिशातल्या कार्डावर चढतात आणि आपण घरी नेतो ते कार्ड कधी सुरूच झालेले नसते. येथे पिन चोरण्याचीही गरज पडत नाही.

भाचीचे रिकामे कार्ड मी नंतर भिंगाखाली धरून पाहिले. कारखान्यात लावलेली पट्टी कार्डाच्या पृष्ठभागात जणू मुरलेली असते. तिच्यावरून बोट फिरवले तर कडा जाणवत नाही. खरवडलेल्या पट्टीचा जो तुकडा या कार्डावर उरला होता त्याची कड नखाला लागत होती, एका कोपऱ्याखाली डिंकाची पिवळसर रेघ होती, आणि पट्टी छापील चौकटीपेक्षा केसभर तिरपी बसलेली होती. पाकिटाच्या वरच्या घडीवरही कागदाचे पापुद्रे निघाले होते, म्हणजे ती एकदा उघडून पुन्हा चिकटवलेली होती. विकत घेताना हे सगळे माझ्या डोळ्यांसमोर होते. पाहण्याची नजर तेवढी नव्हती. आता मी छापील कार्ड घेतलेच तर स्टँडच्या पुढच्या रांगेतले घेत नाही, पाकिटाच्या चारही कडांवरून बोट फिरवतो, बारकोडावर नख घासून स्टिकर सुटते का ते पाहतो, आणि पाकिटाच्या खिडकीतून कार्डाचा क्रमांक दिसत असेल तर त्याचे शेवटचे आकडे पावतीवरच्या आकड्यांशी गल्ल्यापाशीच ताडून घेतो. मागे उभ्या असलेल्या माणसाला अर्धा मिनिट थांबावे लागते, एवढाच त्याचा खर्च आहे. गल्ल्यामागे ठेवलेली कार्डे मिळत असतील तर ती घेणे केव्हाही बरे.

वेष्टनाला, तर, मी फार कमी गुण देईन. एवढी रक्कम ज्या पुठ्ठ्याच्या पाकिटात ठेवायची ते औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाइतकेही पक्के नसावे, याला निष्काळजीपणाखेरीज दुसरे नाव देता येत नाही. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याने २०२४ मध्ये कायदाच केला, आणि छेडछाड झाली तर दिसून येईल अशा सुरक्षित वेष्टनातच दुकानांनी गिफ्ट कार्डे विकावीत, तसेच अशा घोटाळ्यांबाबत कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे, असे बंधन घातले. कंपन्यांना हे आपणहून सुचायला हरकत नव्हती.

दुसरा प्रकार अधिक क्रूर आहे, कारण त्यात कार्ड निर्दोष असते, दुकान निर्दोष असते, आणि चोरी आपल्याच हातून करवून घेतली जाते. एकदा मी गल्ल्याच्या रांगेत उभा असताना पुढे सत्तरीचे एक गृहस्थ होते. कानाला फोन, हातात एकाच कंपनीची पाच कार्डे, आणि प्रत्येकावर चढवायची ती कमाल रक्कम. गल्ल्यावरच्या मुलीने कार्डे यंत्रासमोर धरली नाहीत. तिने हळूच विचारले, “काका, ही कोणासाठी घेताय?” ते चटकन म्हणाले, “नातवंडांसाठी.” उत्तर इतके पाठ केल्यासारखे होते की तिने कार्डे बाजूला ठेवली आणि म्हणाली, “फोनवर जे कोणी आहेत त्यांनी असे सांगायला सांगितले आहे का?” गृहस्थ काही क्षण गप्प राहिले. मग त्यांनी फोन कानापासून दूर केला, आणि पलीकडचा आवाज आम्हां दोघा-तिघांनाही ऐकू आला, तो त्यांना रांग बदलायला सांगत होता. कर थकल्यामुळे अटक होणार असल्याचे त्यांना सकाळपासून सांगितले जात होते. त्या मुलीला ते प्रशिक्षण मिळाले होते की तिचे तिलाच सुचले, हे मला ठाऊक नाही. पण या संपूर्ण सेवेत मी पाहिलेला सर्वांत चांगला भाग तीच होती.

या प्रकारातली प्रत्येक सूचना विचारपूर्वक दिलेली असते. फोन ठेवू नका असे सांगतात, कारण फोन ठेवला की माणूस मुलाला किंवा शेजाऱ्याला विचारतो. वेगवेगळ्या दुकानांतून कार्डे घ्यायला लावतात, कारण एकाच ठिकाणी मोठी रक्कम घेतली तर कोणी तरी हटकते. कोणी विचारले तर भेट आहे असे सांगा, हे आधीच पढवून ठेवतात. अमुकच कंपनीचे कार्ड हवे असा आग्रह असतो, कारण त्या कंपनीचे कोड पुढे विकायची त्यांची व्यवस्था आधीच लागलेली असते. शेवटी पट्टी खरवडून आकडे वाचून दाखवा किंवा फोटो पाठवा म्हणतात, आणि त्यानंतर बहुधा काही मिनिटांतच ती रक्कम गेलेली असते. कोड स्वस्तात दुसऱ्याला विकला जातो, किंवा त्यावर महागडे फोन घेऊन ते विकले जातात. कार्ड मात्र आपल्या हातातच राहते, त्यामुळे काही गमावले असे कितीतरी वेळ वाटतही नाही.

फोनवरच्या माणसाचा वेष बदलतो, मागणी बदलत नाही. कधी तो कर खात्याचा अधिकारी असतो, कधी वीज तोडायला निघालेला कर्मचारी, कधी परदेशात अडकलेला नातू, कधी तीन महिन्यांच्या गोड गप्पांनंतर अचानक रुग्णालयात दाखल झालेला ऑनलाइन प्रियकर. ब्रिटनच्या कर खात्याच्या नावाने आयट्यून्सची (अ‍ॅपल कंपनीच्या गाणी-चित्रपटांच्या दुकानाची) कार्डे मागणाऱ्यांचा एवढा सुळसुळाट झाला होता, की आम्ही अशा कार्डांनी कर घेत नाही असे त्या खात्याला जाहीरपणे सांगावे लागले. वास्तविक हे सांगायची गरज पडू नये. कोणतेही सरकारी खाते, बँक, न्यायालय, पोलीस ठाणे किंवा वीज कंपनी आपली थकबाकी दुसऱ्याच कंपनीच्या गिफ्ट कार्डाने वसूल करत नाही, आणि जो तशी मागणी करतो तो चोरच असतो. या एका बाबतीत अपवाद शोधत बसण्याचे कारण नाही. तरीही अमेरिकेत ग्राहकांच्या हिताची काळजी घेणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेकडे २०२३ या एका वर्षात गिफ्ट कार्डांमार्फत झालेल्या फसवणुकीच्या ज्या तक्रारी आल्या, त्यांतली रक्कम सुमारे २१.७ कोटी डॉलर होती, आणि ती केवळ तक्रार करणाऱ्यांची.

नोकरी करणाऱ्यांना जो प्रकार गाठतो त्यात धाकाऐवजी आज्ञाधारकपणाचा फायदा घेतला जातो. आमच्या कार्यालयातल्या नव्याने रुजू झालेल्या एका सहकारी मुलीला साहेबांच्या नावाने ईमेल आले होते : मी बैठकीत आहे, फोन घेऊ शकत नाही, ग्राहकांना द्यायला दहा कार्डे तातडीने हवी आहेत, कोड मला इथेच पाठव, पैसे संध्याकाळी मिळतील, आणि तूर्त कोणाला सांगू नकोस, कारण हे सरप्राइज आहे. नाव साहेबांचे होते. पत्त्यात मात्र एका अक्षराचा फरक होता, आणि मोबाइलच्या पडद्यावर पत्ता दिसत नाही, नावच दिसते. ती वाचली, कारण साहेब त्या वेळी बैठकीत नव्हते, तिच्या मागच्याच टेबलापाशी चहा घेत उभे होते. सगळ्यांचेच साहेब असे वेळेवर चहा घ्यायला येत नाहीत, तेव्हा ज्या माणसाच्या नावाने निरोप आला आहे त्याला, निरोपाला उत्तर न देता, आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करावा. खरा साहेब रागावला तरी चालेल.

एक गुंतागुंतीचा प्रकार परताव्याचा आहे. संगणक दुरुस्त करतो किंवा जुन्या सेवेचे पैसे परत देतो असे म्हणून एक जण आपल्या संगणकाचा ताबा दुरून घेतो, बँकेचे पान उघडायला लावतो आणि पडद्यावर दिसणारे आकडे तेवढे बदलतो. परतावा चुकून दहापट गेला असे वाटते, तो रडकुंडीला येऊन माझी नोकरी जाईल म्हणतो आणि ‘जादा’ रक्कम गिफ्ट कार्डांनी परत मागतो. खात्यात प्रत्यक्ष एक पैसाही आलेला नसतो. भल्या माणसाच्या भलेपणावरच येथे घाला असतो, म्हणून मला हा सर्वांत हीन वाटतो.

ईमेलने येणाऱ्या कार्डांचे काय? स्टँड नाही, पाकीट नाही, पट्टी नाही, त्यामुळे उपसण्याचा मुख्य मार्ग बंद होतो, आणि म्हणून कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपवरून किंवा संकेतस्थळावरून घेतलेले ई-कार्ड मी छापील कार्डाच्या बरेच वर ठेवतो. मात्र फोनवरच्या भामट्याला कोड कागदावर आहे की ईमेलात याने काही फरक पडत नाही. शिल्लक तपासण्याच्या नावाने काढलेली खोटी पानेही येथे नडतात. सर्च केल्यावर सर्वांत वर दिसणारी जाहिरात पुष्कळदा अशाच पानाची असते; तिथे क्रमांक आणि पिन भरला की आपण तो स्वतःहून चोराला दिला. शिल्लक पाहायची ती कार्डाच्या मागे छापलेला पत्ता हाताने टाइप करूनच. सर्वेक्षण भरा आणि कार्ड फुकट मिळवा, अशा निरोपांबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. त्यात कार्ड नसते, आपली माहिती मात्र जाते.

वापरलेली किंवा सवलतीत मिळणारी कार्डे अनोळखी माणसाकडून घेऊ नयेत. एकच कोड चौघांना विकता येतो, आणि चोरीच्या पैशाने घेतलेले कार्ड कंपनीने मागाहून रद्द केले तर शेवटी घेणारा कोरडा राहतो.

कुठेही चालणाऱ्या कार्डांवर अनेकदा वेगळे शुल्क पडते, त्यांच्यावर मुदत असते, आणि चोरालाही ती कुठेही चालतात. भेट घेणाऱ्याची आवड ठाऊक असेल तर एका कंपनीचे कार्ड अधिक बरे, त्यातही जे कोड मिळताच स्वतःच्या खात्यात जमा करून टाकता येते ते. रक्कम एकदा खात्यात गेली की नुसता आकडा ठाऊक असून चोराला उपयोग नसतो. खात्यात शिरावे लागते. कार्ड कपाटात जपून ठेवण्याची आपली सवय येथे उलटी पडते.

आता तक्रारीनंतरच्या सेवेबद्दल. फसवणूक लक्षात आली की सर्वांत आधी कार्ड काढणाऱ्या कंपनीला फोन करून उरलेली शिल्लक गोठवायला सांगावी, कारण कोड विकला जाऊन खर्च होईपर्यंत क्वचित थोडा अवधी मिळतो. कार्ड आणि पावती फेकू नये, फोटो काढून ठेवावेत, पोलिसांत तक्रार नोंदवावी, आणि भामट्याने संगणकाचा ताबा घेतला असेल तर बँकेलाही त्याच दिवशी कळवावे. काही दिवसांनी ‘तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो’ म्हणणारा फोन आला तर तो त्याच धंद्याचा दुसरा अंक असतो. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात.

माझ्या बाबतीत दुकानाने कंपनीकडे बोट दाखवले आणि कंपनीने दुकानाकडे. तीन वेळा तीच हकिकत वेगवेगळ्या माणसांना सांगितली. एकाने तर कार्ड भाचीनेच खर्च केले नसेल कशावरून, असेही विचारले. पावतीवर अ‍ॅक्टिव्हेशनची वेळ होती आणि कंपनीच्या नोंदीत खर्चाची. दोन्हींत जेमतेम चाळीस मिनिटांचे अंतर होते, आणि त्या वेळी कार्ड माझ्या पिशवीत पट्टी न खरवडलेल्या अवस्थेत होते. पावती जपून ठेवली नसती तर हे दाखवता आले नसते. डिंकाच्या रेघेचे फोटो पाठवल्यावर, पाचव्या आठवड्यात, कंपनीने तेवढ्याच रकमेचा नवा कोड ईमेलने पाठवला. चूक कोणाची याबद्दल त्यात एक शब्दही नव्हता. ईमेल आले तेव्हा भाची माझ्याकडेच होती. तिला म्हटले, काय घ्यायचे ते पुढच्या महिन्यात ठरव, पण कोड आत्ता, इथे बसून, स्वतःच्या खात्यात भर. तिने तो भरला, शिल्लक दिसेपर्यंत आम्ही दोघेही पडद्याकडे पाहत राहिलो, आणि मग ती म्हणाली, “मामा, पुढच्या वाढदिवसाला पुस्तक दिलेत तरी चालेल.”